उकंडा, गोदरी आणि गलिच्छ वस्ती



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, ‘घाणीच्या जागांची आपल्याकडची नावं.’ पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी फार सौम्यपणे विचारलं, “सर, पत्रिकेवर काय छापू?” तुमच्या हातातल्या पत्रिकेवर ‘लोकभाषेतील स्थलवाचक शब्द’ असं छापलेलं आहे. त्यांना दोष देत नाही. घाणीचं नाव घ्यायची वेळ आली की आपण सगळेच एक पाऊल मागे सरतो. आज मला त्या मागे सरण्याविषयीच बोलायचं आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथं नांदेडला जमलो, ते मात्र मागे सरले नसते. मी सातवीत असताना ‘आमचे गाव’ या निबंधात लिहिलं होतं, ‘आमच्या घरामागे उकंडा आहे.’ वही तपासणाऱ्या दुसऱ्या एका शिक्षकांनी लाल शाईनं ‘उकंडा’ खोडून वर ‘उकिरडा’ लिहिलं. वही गुरुजींच्या हातात गेली. त्यांनी समासात लिहिलं, ‘दोन्ही बरोबर. घरी बोलतोस तो आधी.’ पन्नासएक वर्षं झाली असतील. त्या एका ओळीनं मला शब्द वेचायची सवय लावली आणि आज मी इथं उभा आहे.

तर उकंड्यापासून सुरुवात करतो.

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात प्रत्येक कुणब्याच्या घरामागे किंवा गोठ्याजवळ उकंडा असे. शेण, गोठ्यातलं मुतारलेलं गवत, चुलीची राख, कडब्याची वैरण खाऊन उरलेली चघळं, घरातला केर, सगळं तिथं जायचं. वर्षभर ते कुजायचं आणि उन्हाळ्यात, पेरणीआधी, बैलगाड्या भरून शेतात जायचं. उकंडा मोठा म्हणजे जनावरं जास्त, आणि जनावरं जास्त म्हणजे घर खातंपितं. सोयरीक जुळवायला आलेला जाणता माणूस बैठकीत चहा पिण्याआधी मागच्या दारानं एक चक्कर मारून यायचा. दिवाळीत तुळशीपाशी पणती लागायची, गोठ्यात लागायची आणि एक उकंड्यावरही लागायची. माझी आई ती पणती ठेवताना डोक्यावरचा पदर सारखा करायची, देवापुढं करते तसाच. बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव पालटतं, ही म्हण सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्याकडं ते दर वर्षी पालटत होतं, मृग लागायच्या आधी.

शब्दही जुना आहे. प्राकृतात ‘उक्कुरुड’ म्हणजे कचऱ्याचा ढीग. म्हणजे मराठी मराठी म्हणून ओळखली जाण्याच्या आधीपासून हा ढीग आपल्या घरामागे आहे. मोल्सवर्थच्या कोशातही तो आहे. मग तो शब्द शिवी कधी झाला? “घराचा उकिरडा करून ठेवलाय” असं आई मुलाला म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं खत नसतं, पसारा असतो. मला वाटतं, रासायनिक खताची गोणी गावात आली, ट्रॅक्टर आला, गोठे रिकामे झाले, आणि त्या रिकाम्या जागेत प्लास्टिक येऊन पडू लागलं, तेव्हा उकंडा खऱ्या अर्थानं घाण झाला. शेण कुजतं, पिशवी कुजत नाही. जी जागा दर वर्षी रिकामी व्हायची ती कायमची भरली. ढीग तोच राहिला, त्यातलं खत गेलं.

इंग्लंडातल्या बोलीतही असाच प्रवास झालेला दिसतो. तिथं अस्ताव्यस्त खोलीला ‘टिप’ म्हणतात. टिप म्हणजे कचरा नेऊन ओतायची जागा. आपल्या ‘उकिरडा करून ठेवलाय’चीच ती इंग्लिश बहीण. पण त्यांच्याकडं ‘मिडन’ हा दुसरा एक जुना शब्द आहे, नॉर्स लोकांकडून आलेला, शेणाच्या आणि घरातल्या टाकाऊ वस्तूंच्या ढिगाचा. तो बोलण्यातून मागे पडला आणि पुरातत्त्वज्ञांच्या हातात गेला. जुन्या वस्तीच्या कचऱ्याच्या थराला ते आजही मिडन म्हणतात, कारण त्या काळातली माणसं काय खात होती, काय वापरत होती हे त्यांना तिथंच सापडतं.

हे ऐकल्यावर मला आपली पांढरी आठवते. गावात काळी आणि पांढरी असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. वस्तीची माती पांढरी का? कारण तिथं पिढ्यान् पिढ्या माणसं राहिली, चुलीची राख पडली, मातीची घरं पडली, पुन्हा त्यावर उठली. गाव हललं, की मागं पांढरट टेकाड राहतं. शेतकरी त्या टेकाडाची माती खत म्हणून गाडीनं वाहून नेतात, कारण त्यांना ठाऊक आहे की माणसाच्या राहण्यानं माती पिकाऊ होते. आपल्या मराठवाड्यातलंच, धाराशिव जिल्ह्यातलं तेर पाहा. तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथल्या पांढरीच्या टेकाडांतून निघालेल्या वस्तू लामतुरे संग्रहालयात मांडल्या आहेत. एका काळी कुणीतरी फोडून फेकलेलं भांडं आज काचेमागं आहे. घाणीचं इतकं जपून केलेलं प्रदर्शन पाहून मला अभिमान वाटतो.

‘घाण’ या शब्दाकडंही एकदा नीट बघा. तो संस्कृत ‘घ्राण’वरून आला, घ्राण म्हणजे वास. आपली घाण मुळात नाकाची आहे. दिसण्याशी तिचा संबंध नंतर आला. इंग्रजीतला ‘डर्ट’ विष्ठेच्या जुन्या नॉर्स शब्दावरून आला. त्यांची घाण वस्तूची आहे. नाकाचा शब्द जास्त धोक्याचा, असं माझं मत आहे. वस्तू उचलून टाकता येते. वास कुठून येतो हे न बघता आपण नाक मुरडतो, आणि ज्या दिशेनं वारा येतो त्या दिशेला राहणाऱ्या माणसांवर शब्द चिकटवतो.

आता गोदरी. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना हा शब्द समजावून सांगावा लागतो, तुम्हाला लागणार नाही. गावाबाहेरची, नाहीतर वाटेच्या कडेची, लोक शौचाला बसतात ती जागा म्हणजे गोदरी. सरकारी मराठीत हिला हागणदारी म्हणतात. बोलताना मात्र यातलं काहीच कुणी म्हणत नाही. “बाहेर जाऊन येतो”, “परसाकडं गेलेत”, “रानात गेले”, “डबा घेऊन गेला”, असं म्हणतात. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. घरामागं परस राहिला नाही, तरी माणसं परसाकडं जातच राहिली. काही ठिकाणी पाणंद हीच गोदरी झाली. पाणंद म्हणजे शेतांमधून जाणारी अरुंद वाट, दोन्ही बाजूंना बाभळी-बोरीचं कुंपण, म्हणून आडोसा. त्याच पाणंदीच्या नावानं आज शेतरस्त्यांच्या शासकीय योजना निघतात, हा शब्दाच्या वाट्याला आलेला चांगला दिवस आहे.

पण आडोसा हा शब्द मला जास्त छळतो. पुरुषांच्या गोदरीला जागा लागते, बायकांच्या गोदरीला अंधार लागतो. पहाटे उजाडायच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. दिवसभर पोट धरून राहायचं, पाणी कमी प्यायचं, जेवण कमी जेवायचं. नांदेडहून देगलूरकडं, लातूरहून निलंग्याकडं संध्याकाळच्या एसटीनं प्रवास केलेल्या प्रत्येकानं एक दृश्य पाहिलेलं आहे. गाडीचा उजेड पडला, की रस्त्याच्या कडेच्या बाया एकदम उठून उभ्या राहायच्या, पाठमोऱ्या, पदर तोंडावर घेऊन. गाडी गेली की पुन्हा बसायच्या, पुढची गाडी आली की पुन्हा उठायच्या. माझी मोठी बहीण त्यांच्यातच उभी असणार हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं. त्या उठून उभं राहण्याला मराठीत शब्द नाही. ज्या भाषेनं भाकरीच्या प्रत्येक अवस्थेला नाव दिलं, तिनं याला नाव दिलं नाही, कारण नाव देणाऱ्या बायकांनी ते कुणाजवळ बोलायचं नव्हतं आणि बोलू शकणारे पुरुष गाडीत बसलेले होते.

गावं बदलली हे मात्र मी पाहिलं. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झालं. ज्यांनी हातातल्या खराट्यानं आधी गाव झाडलं आणि मग रात्री कीर्तन केलं, त्या गाडगेबाबांचं नाव त्याला दिलं हे योग्यच झालं. माझ्या दृष्टीनं त्या अभियानाचं मोठं काम भाषेतलं आहे. ‘हागणदारी’ हा शब्द अभियानानं भिंतीवर लिहिला. ‘हागणदारीमुक्त गाव’, मोठ्या अक्षरात, वेशीवर, शाळेच्या भिंतीवर, पंचायतीच्या कागदावर. ज्या शब्दाला आम्ही मास्तर लोक फळ्यावर जागा दिली नसती, तो शब्द ग्रामसभेत उच्चारला गेला, आणि उच्चारला गेला म्हणून त्यावर चर्चा झाली. ‘बहिर्दिशामुक्त’ असा गुळगुळीत शब्द निवडला असता तर कुणाचंच मन हललं नसतं. २०१८ च्या एप्रिलमध्ये राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. त्यानंतरही ज्यांनी पहाटेच्या वाटा पाहिल्या आहेत त्यांना मी काही सांगायची गरज नाही. शौचालय बांधलं जातं, पाणी नसलं की त्यात सरपण ठेवलं जातं.

पाण्याचं निघालं म्हणून सांगतो. मराठवाड्याला ‘टँकरवाडा’ म्हणतात हे तुम्ही ऐकलं आहे. तीही एक नकोशा जागेची शिवीच आहे, फक्त ती आपल्या अख्ख्या प्रदेशाला दिलेली आहे. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदीचं कलम १४४ लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत बाहेरगावच्या नातेवाइकांचे फोन यायचे, “तुमच्याकडं आंघोळ करता का?” आमच्या शहराचं नाव घाणीशी जोडलं जातंय हे तेव्हा प्रथम जाणवलं. नावाचं असं बदलणं आम्ही आधीही भोगलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ नंतर कित्येक वर्षं लातूर म्हणजे किल्लारीचा भूकंप होता. मग शाहू आणि दयानंदसारख्या महाविद्यालयांच्या निकालांनी ‘लातूर पॅटर्न’ आला आणि नाव पुन्हा बदललं. एखाद्या गावाच्या नावाला चिकटलेलं ओझं उतरतं, हे मी माझ्या आयुष्यात पाहिलं आहे. म्हणूनच पुढं जे बोलणार आहे त्याबद्दल मला आशा वाटते.

किल्लारीच्या बाबतीत एक गोष्ट जाता जाता. भूकंपानंतर जी नवी गावं वसवली ती सरळ रस्त्यांची, चौकोनी भूखंडांची. मोकळी, हवेशीर. पण घरामागं उकंड्याची जागा कुणी आखली नव्हती. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं, “शेण टाकावं कुठं, मास्तर?” नकाशा काढणाऱ्यांच्या भाषेत उकंडा हा शब्दच नव्हता, म्हणून नकाशात तो आला नाही.

आता शहरात येऊ. पुण्याला गटार, आपल्याकडं नाली. नांदेडला आणि लातूरला ‘नाली तुंबली’ म्हणतात, ‘नाली काढायला माणूस आला’ म्हणतात. घरातली मोरी, गल्लीतली नाली, पुढं नाला आणि नाल्यानंतर नदी. निजामाच्या राज्यात आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होतो. पायखाना, गलीज, गंदगी हे शब्द तिकडूनच आपल्या तोंडी बसले. ‘सुलभ’ त्यानंतरचा. १९७० साली बिहारात सुरू झालेल्या एका संस्थेचं ते नाव, आणि आज मराठीत सार्वजनिक शौचालयाला सरळ ‘सुलभ’ म्हणतात. “सुलभ कुठं आहे?” असं माणूस विचारतो तेव्हा तो किती अवघड प्रसंगात असतो हे त्यालाच माहीत.

पण ज्या शब्दासाठी मी हे सगळं मांडतो आहे तो वेगळा आहे. तो लंडनच्या चोरांनी दिलेला आहे.

जेम्स हार्डी व्हॉक्स नावाचा एक इंग्रज होता. चोरी केली म्हणून त्याला ऑस्ट्रेलियात हद्दपार केलं गेलं. १८१२ मध्ये तिथं असताना त्यानं लंडनच्या चोर-भामट्यांच्या गुप्त बोलीचा एक छोटा कोश तयार केला. त्यात ‘स्लम’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ दिला आहे, खोली. एवढंच. चोरांच्या बोलीतली एक खोली. पुढच्या काही दशकांत तो शब्द मागच्या गल्लीला लागला, मग गरिबांच्या अख्ख्या मोहल्ल्याला लागला, आणि नंतर इंग्लंडच्या कायद्यात गेला. तिथून तो आपल्या कायद्यात आला. १९५६ चा केंद्राचा कायदा ‘स्लम’ सुधारण्याचा आणि हटवण्याचा. १९७१ चा महाराष्ट्राचा कायदा सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकासाचा. मराठीत तो झाला ‘झोपडपट्टी’, आणि सरकारी कागदांत, योजनांच्या नावांत, ‘गलिच्छ वस्ती’.

गलिच्छ. हा शब्द लिहिणारा कारकून वाईट नव्हता. त्याला इंग्रजीला पर्याय हवा होता. पण बघा काय झालं. ‘झोपडपट्टी’ म्हणताना निदान घर दिसतं, कसं बांधलं आहे ते दिसतं. ‘गलिच्छ वस्ती’ म्हणताना घरही जातं, माणूसही जातो, फक्त वास उरतो. ज्या वस्तीत नाली बांधलेली नाही, नळ आलेला नाही, कचरागाडी पोहोचत नाही, तिला गलिच्छ म्हणणं म्हणजे ज्यानं नाली बांधली नाही त्याचं नाव खोडून तिथं राहणाऱ्याचं नाव लिहिणं. माझ्या निबंधातला उकंडा खोडणाऱ्या त्या लाल शाईपेक्षा ही शाई फार घट्ट आहे.

हे फक्त जागेपुरतं राहत नाही. मेहतर हा शब्द घ्या. फारसीत त्याचा अर्थ मोठा, श्रेष्ठ. हलालखोर म्हणजे कष्टाचं, रास्त कमावून खाणारा. मैला उचलणाऱ्या माणसांना हे मानाचे शब्द दिले गेले, आणि मुंबईत तर महापालिकेच्या कायद्यात हलालखोर कर नावाचा कर होता. इतके चांगले शब्द देऊनही काम डोक्यावरून टोपली वाहायचंच राहिलं, तेव्हा शब्द हरले. दोन-तीन पिढ्यांत मेहतर ही शिवी झाली. नंतर सफाई कामगार आला, मग स्वच्छता दूत आला. १९९३ साली हे काम बंद करणारा कायदा आला, २०१३ साली अधिक कडक कायदा आला, आणि गटारात उतरून माणूस मेल्याची बातमी अजून येते. मी शब्द बदलण्याच्या विरोधात नाही, पण शब्दाच्या मागं यंत्र यायला हवं, दोर आणि पंप यायला हवा, नाहीतर नवा शब्दही पुढच्या पिढीत मळतो.

इथं मला ‘सोनखत’ हा शब्द आठवतो. मैल्याचं खत म्हणजे सोनखत. किती थोर शब्द आहे! कोकणात कणकवलीला आप्पा पटवर्धनांनी आयुष्यभर हेच सांगितलं की मैल्याची घाण वाटते ती हाताळण्याच्या पद्धतीमुळं आणि जातीमुळं, वस्तूमुळं नाही. पण खताला सोनं म्हणणारी भाषा खत वाहणाऱ्याला सोनं म्हणाली नाही.

माणसाला घाण म्हणायची सवय किती खोल जाते हे लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’ या आत्मकथनात दाखवलं. ते आमच्या लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे. पुस्तक १९८७ चं, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. ही सवय कायद्यातही शिरली होती. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. तो कायदा उठला १९५२ मध्ये. सोलापूरला अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायची जागा होती, तिला नाव दिलं ‘सेटलमेंट’. शब्दाचा अर्थ स्थिर वस्ती, सुखाची वाटावी अशी. पण “सेटलमेंटातला” असं कुणाला म्हटलं की सोलापुरातल्या माणसाचा चेहरा बदलायचा. एकीकडं लंडनच्या चोरांनी आपल्या खोलीला दिलेला शब्द जगभरच्या गरिबांच्या माथी आला. दुसरीकडं सरकारनं गरिबांना चोर म्हटलं आणि त्यांच्या जागेला सभ्य शब्द दिला. दोन्ही वाटा एकाच जागी पोहोचल्या.

गावकुसाबाहेर हा शब्द तर आपल्या साहित्यानं सगळ्यांना शिकवला. आमच्या गावात पावसाचं पाणी ज्या बाजूला उतरायचं, त्याच बाजूला महारवाडा आणि मांगवाडा होता. गावाची नाली तिकडं वाहायची आणि गाव म्हणायचं, “तिकडं फार घाण आहे.” हे वाक्य मी लहानपणी स्वतः म्हटलेलं आहे. उतार कुणी बघितला नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं जातिवाचक वस्त्यांची आणि रस्त्यांची नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. हा निर्णय चांगला आहे, मी त्याच्या बाजूनं आहे. आमच्या गावात फलक लागला. मागच्या पावसाळ्यात गेलो तेव्हा गावाची नाली अजून तिकडंच उतरत होती, फलकाच्या पायाशी. ग्रामपंचायतीनं नावाबरोबर उतारही बदलावा, एवढं काम पंधरा दिवसांचं आहे.

नांदेडकरांशी नदीबद्दल बोलल्याशिवाय मला जाता येणार नाही. तुम्ही गोदावरीला गंगा म्हणता. “गंगेवर जाऊन आलो” म्हणता. सचखंड गुरुद्वाऱ्याला देशभरातून येणारा यात्रेकरू तिच्या घाटांवर जातो. तिच्यात शहरातल्या नाल्यांचं पाणी मिसळतं, हे तुम्ही रोज बघता, आणि त्या पाण्याला तुम्ही काही नाव देऊ शकत नाही, कारण गंगेला घाण म्हणायला जीभ वळत नाही. ही श्रद्धा मला समजते. पण श्रद्धेमुळं नाव नाही, नाव नाही म्हणून तक्रार नाही. याच जिल्ह्यात मुखेडकडं लेंडी नावाची नदी आहे, तिच्यावरच्या प्रकल्पाचं नाव लेंडी प्रकल्प. शेळ्या-मेंढ्यांच्या विष्ठेला आपण तोच शब्द वापरतो, आणि नदीचं नाव घेताना कुणाला किळस येत नाही, कारण लेंडीखत म्हणजे पीक हे शेतकऱ्याला माहीत आहे. मेंढ्या बसवायला तो धनगराला धान्य देतो. तेव्हा शब्द किळसवाणा असण्याचा आणि पाणी किळसवाणं असण्याचा काही संबंध नाही.

शेवटचा मुद्दा, आणि यासाठीच मी लातूरहून आलो.

नांदेडचा कचरा तुप्प्याला जातो. लातूरचा कचरा वर्षानुवर्षं वरवंटीच्या डेपोवर गेला. दोन्ही गावं आहेत, शिवारं असलेली, शाळा असलेली. कन्नडमध्ये तुप्प म्हणजे तूप. गावाचं नाव त्यावरूनच पडलं असा माझा दावा नाही, पण देगलूरकडच्या सीमेवरच्या माणसाला ते नाव ऐकून तूपच आठवेल. शहरात मात्र “हे तुप्प्याला टाका”, “वरवंटीला गेलं” म्हणजे कचऱ्यात गेलं. माझ्याच घरी नातवानं फाटकी वही फेकताना “वरवंटी” म्हटलं आणि सगळे हसले. मीही हसलो असेन. मग मला त्या गावची एक विद्यार्थिनी आठवली, जी दहावीच्या वर्गात हजेरीच्या वेळी गावाचं नाव हळू आवाजात सांगायची. कारण मी तेव्हा विचारलं नाही. आता कळतं.

इंग्लंडात पसाऱ्याला नुसतं ‘टिप’ म्हणतात, त्या शब्दात गावाचं नाव नाही. आपण आपल्या टिपला शेजाऱ्याचं नाव दिलं.

वर्तमानपत्रांत लिहिणारे, बातम्या देणारे, पालिकेत फाइली लिहिणारे अनेक जण या सभागृहात आहेत. तुमच्याकडं माझी एक विनंती आहे. ‘तुप्प्याचा कचरा’, ‘वरवंटीचा कचरा’ असं लिहू नका. ‘नांदेडचा कचरा, तुप्पा शिवारात’ असं लिहा. ‘लातूरचा कचरा, वरवंटी शिवारात’ असं लिहा. दोन-तीन शब्द जास्त लागतील, मथळा थोडा लांबेल. उद्याच्या अंकापासून हे करता येईल, त्याला कुठल्याही मंजुरीची गरज नाही.